निकाल पहिल्या ओळीत

४ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

हे पत्र आईने तुला दिलेलं नाही. ते फळांच्या टोपलीखाली होतं आणि तू ते उचललंस, असं समजायचं. काल मी आईला विचारलं, तिला एक पाकीट देशील का, तर म्हणाली, "तुम्हा बहिणींच्या भांडणात मी पोस्टमन होणार नाही. टोपलीखाली काय आहे ते बघणार नाही, एवढं करीन."

तुमची नाटकमंडळी या शहरात उतरल्यापासून तू घरी येऊन जातेस हे मला माहीत आहे. आईने चुगली केलेली नाही. पण निळा कप विसळून पालथा घातलेला असतो, आणि आपल्याकडे कप पालथे घालणारी तू एकटीच. मी ऑफिसला गेले की येतेस, मी परतायच्या आत जातेस. फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. बुधवारी तुमचा इथला पहिला प्रयोग आहे आणि त्याचं परीक्षण मी लिहिणार नाही. यात तुला नवीन काही नाही. चार वर्षांपूर्वी तुला पहिली मोठी भूमिका मिळाली तेव्हा मी दिग्दर्शनावर, नेपथ्यावर, प्रकाशावर लिहिलं आणि खाली तळटीप टाकली, की मुख्य अभिनेत्री समीक्षकाची बहीण असल्यामुळे तिच्या कामाविषयी लिहिलेलं नाही. तू फोनवर म्हणालीस, "ताई, तू पडद्याच्या कापडावर लिहिलंस. माझ्यावर एक शब्द नाही." आणि फोन ठेवलास तो ठेवलासच. घरच्या माणसावर छापून लिहायचं नाही, हा माझा नियम. तो बरोबर आहे असं मला आजही वाटतं. निदान ऑफिसात असताना वाटतं.

नवीन आहे ते असं, की यावेळी परीक्षण आमचा शिट्टी लिहिणार आहे. शिट्टी म्हणजे आमचा क्रीडा वार्ताहर, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. तरुणपणी तो पंच होता, आणि अजूनही कुणी त्याच्या खुर्चीवर बसलं की तोंडाने शिट्टी वाजवून उठवतो. गेल्या आठवड्यात चहा पिताना आमची जुंपली. मी म्हटलं, तुमच्या पानावर रोज कुठली तरी मॅच 'नाट्यमय' असते आणि कुणाची तरी 'शोकांतिका' होते, यातलं एक तरी तू नाट्यगृहात जाऊन पाहिलंयस का? तो म्हणाला, तुमच्या पानावर शेवटपर्यंत वाचलं तरी कोण जिंकलं ते कळत नाही. मागे संपादकबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "एकमेकांच्या धंद्यावर दोघं रोज फुकट बोलता. आता छापून बोला." झालं. बुधवारी दुपारी मी फुटबॉलच्या अंतिम सामन्याला आणि संध्याकाळी शिट्टी तुमच्या नाटकाला.

हे तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. तुला दुसरीकडून कळलं असतं तर वाटलं असतं की मी मुद्दाम एका खेळवाल्याला पाठवलं. मी मुद्दाम पाठवलेलं नाही. पण संपादकबाईंनी नाटकाचं नाव घेतलं तेव्हा मी विरोधही केला नाही, आणि का केला नाही याचा विचार अजून चालू आहे.

ताई


६ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळ

भिंगरी,

टोपलीखालचं पाकीट गेलं. आईने नेलं नसेल तर तू नेलंस. कप पालथा होता.

आज मी आयुष्यातला पहिला फुटबॉलचा सामना पाहिला. टपाल खात्याच्या मुली विरुद्ध विद्यापीठाच्या मुली. पत्रकारांच्या कक्षात शिरल्याबरोबर शेजारच्या गृहस्थांनी बजावलं, इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, ओरडायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बावीस वर्षं मी नाट्यगृहात हेच करत आलेय. हसू आलं तर रुमाल तोंडाला लावते, कुणाला माझ्या चेहऱ्यावरून अंदाज येऊ नये म्हणून.

तिथे मला एक भूमिका सापडली. टपालवाल्यांची गोलकीपर. सगळा खेळ पलीकडच्या टोकाला चाललेला आणि ही एकटी आपल्या जाळ्यासमोर. तिच्या वाट्याला संवाद नाही, हालचाल नाही, तरी ती क्षणभरही रंगमंचावरून उतरलेली नाही. स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती, मोजे वर ओढत होती, खांबाला हात लावून परत येत होती. मी तिच्यावर लिहीत सुटले. अंधारात लिहायची सवय, त्यामुळे खाली न बघता लिहिते. मध्येच मैदानभर गलका झाला. मी शेजाऱ्यांना विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "बाई, गोल झाला." पलीकडच्या टोकाला झाला होता. मी तो पाहिलाच नाही. पुन्हा दाखवतील म्हणून वाट पाहिली, तर मैदानावर तशी सोय नसते.

तरी मजा आली हे मान्य करायला हवं. शेवटी गोलकीपरवर पेनल्टी आली. मी चक्क उभी राहिले आणि शेजारच्यांनी माझी पर्स ओढून मला खाली बसवलं. शिट्टीला हे सांगायचं नाही असं ठरवलंय. तुला सांगतेय.

मजकूर देऊन आत्ताच घरी आले. आता तुमचा पडदा वर गेला असेल. सकाळी शिट्टीने मला विचारलं, नाटक बरोबरीत सुटलं तर जादा वेळ देतात का? मी त्याला फक्त वेळेवर जा म्हटलं आणि मध्यंतरात वडे खात बसू नको म्हटलं. नाटकाविषयी काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असा नियमच केला होता.

घरी येताना नाट्यगृहावरून आले. रस्त्यातच लागतं. नाही, लागत नाही. वाकडी वाट करावी लागते. पाटीवर तुझं नाव वरून दुसरं आहे.

ताई


७ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार, ऑफिस

भिंगरी,

तुझा मोबाईलवरचा निरोप मिळाला. चार वर्षांतलं तुझं पहिलं वाक्य: "हे तुझ्या हाताखालून गेलं?"

उत्तर: हो. कसं गेलं ते सांगते.

रहस्यनाटक. लॉजमध्ये उतरलेल्या पाहुण्याचा खून होतो, सगळ्यांवर संशय येतो, आणि खरा खुनी शेवटच्या प्रवेशात कळतो. आणि आमच्या शिट्टीने आज सकाळी साऱ्या शहराच्या चहाबरोबर पहिल्याच ओळीत छापलं: "लॉजमधल्या पाहुण्याचा खून अखेर मॅनेजरीणबाईंनीच केला, आणि शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत आघाडी राखून तो जवळजवळ पचवला." वर मथळा: "मॅनेजरीणबाईंची बाजी." मॅनेजरीणबाई म्हणजे तू.

मी सकाळी ते वाचलं तेव्हा हातातला चहा बशीत ओतला गेला. आई म्हणाली, "बरं झालं, मला रहस्य असलं की झोप येत नाही."

ऑफिसात आले तर शिट्टी वर्तमानपत्राचं पान समोर धरून माझीच वाट बघत होता, आणि माझ्याइतकाच संतापलेला. मला वाटलं, याला आपली चूक कळली. तो म्हणाला, "ताई, तुमच्या लेखात कोण जिंकलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सबंध लेख वाचला. गोलकीपरचे मोजे कळले, पुटपुटणं कळलं. पेनल्टीला ती झेपावली इथे तुम्ही लेख संपवलात. सकाळपासून फोन वाजतोय. पेनल्टी अडली की गेली? लोक मला शिव्या घालतायत."

भिंगरी, मी निकाल दिलाच नव्हता. शपथेवर सांगते, विसरले नव्हते. शेवट सांगायचा नसतो, एवढंच डोक्यात होतं. बावीस वर्षांची सवय. वाचकाच्या ताटातला शेवटचा घास आपण खायचा नाही. माझ्या हाताने ते आपोआप झालं.

मी शिट्टीला तुझ्या नाटकाचं विचारलं तेव्हा तो खरोखर गोंधळला. "पहिल्या ओळीत निकाल दिला नाही तर माणूस पुढे कशाला वाचेल?" मी म्हटलं, दिल्यावर कशाला वाचेल? तो म्हणाला, "कसं झालं ते बघायला. लोक जिंकलेली मॅचसुद्धा दुसऱ्यांदा बघतात की." त्याने मध्यंतरात बाहेर उभं राहून पूर्वार्धाचा मजकूर फोनवर सांगितला होता आणि पडदा पडल्यावर निकालाची ओळ वर चिकटवली. त्यांच्याकडे असंच करतात. त्याच्या मनात पाप नव्हतं. तुझं काम त्याला इतकं आवडलंय की अर्धा मजकूर तुझ्यावर आहे. तो तू पुढे वाचलास का? पहिल्या ओळीपाशीच थांबली असशील.

आता माझ्यापुरतं. नाटकाच्या पानावरचा प्रत्येक मजकूर माझ्या सहीनेच छापायला जातो. काल तुला पत्र लिहून झाल्यावर मी रात्री पुन्हा ऑफिसात गेले, तेव्हा शिट्टीचा मजकूर माझ्या टेबलावर आला. बहिणीच्या नाटकाचं परीक्षण आहे, आपण हात लावायचा नाही, म्हणून मी तो पालथा ठेवला, न वाचता सही केली आणि घरी आले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं असावं. वाचला असता तर ती ओळ काढायला मला एक क्षण लागला असता. म्हणजे मी ते केलं नाही, पण माझ्या नियमाने केलं. या दोन्हींत तुझ्या दृष्टीने काय फरक आहे, हे मी सकाळपासून शोधतेय.

तुमच्या निर्मात्यांचा फोन येऊन गेला. शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते. काही तिकिटं परत आली म्हणाले. उद्या आम्ही दोघांच्याही चुकांची कबुली छापतोय. पेनल्टी अडली होती. टपालवाल्या जिंकल्या.

ताई


१३ फेब्रुवारी, बुधवार

भिंगरी,

तू काही कळवलं नाहीस, पण टोपलीखालचं पाकीट गेलं, म्हणून लिहिते.

रविवारी मी तुमच्या प्रयोगाला आले होते. पासावर नाही. रांगेत उभी राहून बाल्कनीचं तिकीट काढलं, खांबाच्या मागचं. तिकिटाच्या खिडकीवर माझ्या पुढे एक जोडपं होतं. नवरा म्हणत होता, अगं खुनी कोण ते छापून आलंय. बायको म्हणाली, "म्हणूनच जायचं. कशी सापडत नाही ते बघू."

आत गेल्यावर मला कळलं की प्रेक्षागृह बदललंय. रहस्यनाटकाला लोक मान मागे टेकून बसतात, सगळ्यांवर सारखं लक्ष ठेवत. इथे तू पहिल्या प्रवेशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन आत आलीस आणि सगळे एकदम पुढे सरकले. पोलीस बोलतोय, त्याच्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यात पलंगपोस सारखा करणाऱ्या तुझ्यावर. तू पोलिसाला म्हणालीस, "साहेब, या खोलीत पाहुण्यांना अगदी शांत झोप लागते," आणि बाल्कनी खदखदली. पहिल्या प्रयोगाला या वाक्यावर कुणीही हसलं नव्हतं, असं शिट्टी सांगतो. तुमचे दिग्दर्शक विंगेच्या तोंडाशी उभे होते. कपाळाला हात लावून होते, पण दुसऱ्या अंकात तो हात खाली आला.

प्रेक्षागृह भरलेलं नव्हतं. रिकामंही नव्हतं.

आता एक गोष्ट. दुसऱ्या अंकात तू जिना उतरतेस. मृतदेह सापडलाय, सगळे खाली जमलेत, आणि तू वरून येतेस. एक पायरी उतरतेस, दुसरा पाय त्याच पायरीवर आणतेस, क्षणभर थांबतेस, मग पुढची पायरी. मी काळोखात लिहिलं: "प्रत्येक पायरीवर ती स्वतःला विचारते आहे." मला वाटलं, काय सूक्ष्म जागा काढलीय. सोमवारी ऑफिसात मी शिट्टीला ती जागा अगदी उभी राहून करून दाखवली.

तो खुर्ची ओढून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, त्यांचा उजवा गुडघा गेलाय. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, तो अभिनय आहे.

"प्रत्येक पायरीला उजवा पाय आधी. दुखरा आधी खाली सोडतात, चांगला मागून भार धरतो. पंधरा वर्षं मी हेच बघतोय. पडदा पडताना वाकल्या तेव्हाही सगळं वजन डाव्यावर होतं."

मग छापलं का नाहीस, असं मी विचारलं. खून कुणी केला ते बेधडक पहिल्या ओळीत टाकणाऱ्या या माणसाला माझ्या प्रश्नाचा राग आला. म्हणाला, "स्पर्धा चालू असताना खेळाडूची दुखापत छापत नाहीत. समोरच्याला कळतं. त्यांच्या निर्मात्याला कळलं तर उद्या दुसरी बाई उभी करील. एवढं कळतं मला."

मी नाट्यसमीक्षक. माझी सख्खी बहीण दुखऱ्या पायाने जिना उतरत होती आणि मी तिला गुण देत होते.

शिट्टीच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे. खेळाडूंचेच गुडघे बघतो, आणि तोंड बंद ठेवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. नंबर मागे लिहिलाय. लगेच जा. पट्टा बांधून दिवस ढकलू नकोस. मंडळीचा मुक्काम नदीपलीकडे तिसऱ्या मजल्यावर आहे असं ऐकते. आपल्याकडे लिफ्ट दुरुस्त झालीय. मी सकाळी लवकर जाते, उशिरा येते. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. बर्फाची पिशवी फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवलीय. वाटाण्यांच्या मागे.

ताई


१७ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

भिंगरी,

तुझं काम मला फार आवडलं. चार वर्षांपूर्वीचंही.

आता बाकीचं.

काल ऑफिसमधून आले तर आई टेबलाशी पेपर उघडून बसली होती. मी हात धुवत होते. ती पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली, "मी पोस्टमन नाही. पण ती म्हणाली, ताईने गुडघ्यावर दोन पानं लिहिलीत. खांबावर लिहिलं, वाटाण्यांवर लिहिलं. कामावर?"

मी पत्राची सगळी वाक्यं आठवून बघितली. प्रेक्षक पुढे सरकले हे लिहिलं होतं. बाल्कनी हसली हे लिहिलं होतं. दिग्दर्शकाचा हातसुद्धा आला होता. म्हणजे पडद्याचं कापड पुन्हा आलं होतं, आणि या वेळी तर छापायचंही नव्हतं. टोपलीखाली ठेवायचं होतं. तिथे कुठला नियम आड येत होता?

संध्याकाळी शिट्टीला फोन केला. नावं न घेता विचारलं, की समज, एक गोष्ट सांगायची आहे आणि दर वेळी ती शेवटाकडे ढकलली जाते, आणि शेवट आला की जागा संपते. तो म्हणाला, "पहिल्या ओळीत टाका. खाली ठेवलेलं डेस्कवाले कापतात. जागा कमी पडली की खालूनच कात्री लागते." मग म्हणाला, "त्यांना माझाही नमस्कार सांगा." नावं न घेतल्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून पहिल्या ओळीत टाकलं. आता पुराव्यादाखल.

पहिल्या अंकात तू मेलेल्या पाहुण्याच्या खोलीची किल्ली जुडग्यातून न बघता काढतेस. बाकीच्या किल्ल्या बघून काढतेस. हे तू पहिल्या प्रवेशापासून करतेस आणि ज्यांना शेवट माहीत नाही त्यांना ते कधीच दिसणार नाही. तू ते कुणासाठी करत होतीस? पोलीस चहा मागतो तेव्हा तू त्याला आधी दूध विचारतेस आणि मग साखर, आणि मधल्या क्षणात तुझा चेहरा इतका रिकामा असतो, की मला तू लहानपणी फुलदाणी फोडून आईला "कुठली फुलदाणी?" विचारलं होतंस ते आठवलं. खुनाची कबुली तू ओरडून देत नाहीस. पाहुण्यांच्या नोंदी सांगाव्यात तशी सांगतेस, आणि मी रुमाल तोंडाशी नेला, पण तो हसू लपवायला नव्हता. शेवटच्या प्रवेशात आवाज थोडा वर जातो. पट्टी उतरव. हे आवडलेलं नाही. आवडलेलं नाही ते लिहिलं नाही तर पहिल्या ओळीवर तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून लिहिलं.

आणि तो जिना. आई म्हणते, तू डॉक्टरकडे गेलीस, पट्टा बदललास, पण तिला हेही सांगितलंस की दुखणं सुरू झाल्यावर तूच ठरवलंस, या बाईने असंच उतरायचं. म्हणजे शिट्टीही बरोबर आणि मीही बरोबर. शिट्टीला हे मी सांगणार आहे. तो त्याला बरोबरी म्हणेल.

नियम मी मोडणार नाही. तुझ्यावर कधी छापून लिहिणार नाही. तू त्यावर जन्मभर चिडलीस तरी. पण छापायचं नाही आणि सांगायचं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका पंचाकडून कळावं लागलं. संपादकबाईंना अदलाबदल आवडली, दर महिन्याला करू म्हणतात. पुढच्या खेपेला मला पोहण्याच्या शर्यतीला पाठवणार आहेत. शिट्टीच्या वाट्याला नृत्य आलंय. तो आत्ताच विचारतो की त्यात गुण कोण देतं.

आज रविवार आहे. मी दिवसभर घरी असते हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू रविवारी येत नाहीस. आईने मात्र सकाळपासून तीन कप काढून ठेवलेत आणि मी निळ्याला हात लावला तर म्हणाली, "तो राहू दे." मी विचारलं, कुणी येतंय का? तर म्हणाली, मी कशाला कुणाला बोलावू.

हे पत्र टोपलीखाली ठेवायचं की तुला नदीपलीकडे नेऊन द्यायचं, हे ठरत नाहीये. लिहीत बसलेय तोवर

खाली दरवाजा वाजला. लिफ्टचा आवाज नाही. कुणीतरी जिन्याने येतंय. एक पाऊल वर, मग दुसरं त्याच पायरीवर. थांबणं. पुन्हा एक. चढताना चांगला पाय आधी. लिफ्ट दुरुस्त झालीय असं स्पष्ट लिहिलं होतं मी. हट्टी ती हट्टीच.

आई आतून म्हणतेय, अगं दार उघड, मी पोस्टमनही नाही आणि दरवानही नाही.

निकाल वर पहिल्या ओळीत दिलाच आहे. शेवट मी सांगत नसते.